जीपची रिंग मी टेपनं मापली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात तर मी थांबणार, आणि एकदा थांबलो की पुन्हा सुरू करायचं धैर्य माझ्यात नाही. आमच्या घरात हा विषय बंद आहे. म्हणजे मी बंद केलाय. बायको दर पाहुण्यापुढे काढते! आज ती माहेरी गेलीय, म्हणून म्हटलं, तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तुम्ही माझ्याच तोंडून ऐका. निदान दोन-चार ठिकाणी मला सावरून घेता येईल. चहा घ्या. बिस्किट बुडवा.

तर आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. मी खोपोलीत हायस्कुलात गणित शिकवायचो. आणि माझ्याकडे जीप होती.

दचकलात ना? सगळेच दचकायचे. मास्तर आणि जीप! घाटातलं रस्त्याचं काम संपवून निघालेल्या एका ठेकेदारानं जाता जाता ती माझ्या गळ्यात मारली होती. आधी लष्करातून निघालेली, मग ठेकेदाराकडून निघालेली, आणि माझ्याकडे आल्यापासून बऱ्याचदा निघतच नसलेली अशी ती जीप. टप नाही, दारं नाहीत, हॉर्न दाबला की शेळी ओरडल्यासारखा आवाज. पण माझा तिच्यावर जीव होता हो. शाळेत चालत जायचो, कारण वेळेवर पोचायचं असायचं. पण रविवारी जीप धुवायचो, आणि आल्यागेल्याला बॉनेट उघडून दाखवायचो.

माझी सासुरवाडी खडकवाडी. कर्जतच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी इंजिनं असतात ना, त्यांच्यावर मामांची नोकरी झाली. तीस वर्षं ढकलाढकल करून माणूस निवृत्त झाला, आणि मग त्यांनी वाडीत विहार बांधायचं मनावर घेतलं. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासूनचं त्यांचं ते स्वप्न. वाडीतल्या लोकांनी दगड वाहिले, बायांनी माती तुडवली, मामांनी विटा मोजून घेतल्या. विहार उभा राहिला. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, बुद्धमूर्ती बसवायची ठरली. मूर्ती मुंबईहून रेल्वेनं कर्जतला येणार. तिथून वाडीत कशी न्यायची, याची बैठक मामांच्या ओसरीवर बसली. जावई म्हणून मीही होतो.

"बाळारामाची बैलगाडी हाय," मामा म्हणाले. "गवत अंथरू, आन् सावकाश आणू."

बाळाराम नुसती मान हलवून हसला. गरीब माणूस, कमी बोलणारा.

आणि इथं, मंडळी, मी तोंड उघडलं.

"मामा, बैलगाडी? अहो, जग कुठं चाललंय!"

"जग कुठंबी जाऊ दे. मूर्ती वाडीत आली पायजे."

"माझी जीप आहे की! दिमाखात आणू. निळे झेंडे लावू."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, गेल्या साली तुमची जीप नाल्यात पोटावर बसली हुती."

खरं होतं. वाडीच्या अलीकडे एक नाला आहे. दसऱ्यालासुद्धा त्यात गुडघाभर पाणी, मधे टोपलीएवढे धोंडे आणि काठाला चिखल. गेल्या वर्षी एका धोंड्यावर जीपचं पोट टेकलं होतं, आणि चारी चाकं हवेत गरगरत होती.

"त्याचा बंदोबस्त करतो," मी म्हणालो. "मोठे टायर लावतो! जीप वीतभर उंच होईल. धोंडे खालून जातील आणि आपण वरून."

वीतभर! गणिताचा मास्तर होतो मी. दोन-अडीच इंचांना वीतभर म्हणत होतो! पण बैठकीत सगळे माझ्याकडे आदरानं बघायला लागले. असं बघितलं की माझं भान जातं. अजूनही जातं.

"मोडनार नाय ना?" मामांनी विचारलं.

"मामा, शब्द दिला!"

आता टायर. रसायनीला एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. तिथला स्टोअरकीपर माझ्या ओळखीचा. त्याच्याकडे मोठ्या गाडीचे चार वापरलेले टायर पडून होते. रुंद, जाडजूड, नक्षी अशी खोल की बोट आत जावं. उभा केला तर माझ्या कमरेला लागत होता. मी खूश! चारही टायर घेऊन थेट शिळफाट्यावर दाऊदभाईंच्या गॅरेजवर.

दाऊदभाई म्हणजे आमच्या भागातले गाड्यांचे डॉक्टर. मूळचे मुरूडकडचे. आजोबांची गलबतं होती म्हणे, नातवाच्या हाती पाना-हातोडा आला. शब्द मोजून वापरायचे. त्यांनी टायरला एक लाथ मारली, म्हणजे प्रेमानं, आणि म्हणाले, "टायर नंतर, मास्तर. आधी रिंग." रिंग म्हणजे टायर चढवतात ते लोखंडी चाक.

"रिंग आहे की जीपला!"

"ती चिंचोळी. टायर रुंद. जाड्या माणसाला लहान स्टुलावर बसवल्यासारखं होणार. वळणावर कलंडेल. रुंद रिंग आणा. पाच बोल्टची, सोळाची."

"सोळा म्हणजे?"

"सोळा म्हणजे सोळा. टायरवर लिहिलंय बघा."

लिहिलं होतं. साडेसात, आडवी रेघ, सोळा. साडेसात इंच टायरची जाडी, आणि सोळा इंच रिंगचा व्यास. व्यास! हा शब्द ऐकला आणि माझी छाती फुगली. दिवसातून दहा वेळा फळ्यावर वर्तुळं काढणारा माणूस मी!

"आणि एक ध्यानात ठेवा," दाऊदभाई म्हणाले, "मापत बसू नका. रिंगवर आकडा असतो, तो वाचा. मी उद्या गावाला चाललोय, पुतणीचं लग्न आहे. आठ दिवसांनी येतो, मग बसवू."

"आठ दिवसांनी? तोवर दसरा होऊन जाईल!"

"मग बैलगाडी आहे ना कुणाची तरी," दाऊदभाई शांतपणे म्हणाले.

तुम्हीच सांगा, हे बोलायची काही गरज होती का? आणि मला म्हणतात, मापू नका! गणिताच्या मास्तरला! आचाऱ्याला चव घेऊ नकोस म्हणण्यातला प्रकार.

घरी आलो. जीपचं एक चाक काढलं, टायर उतरवून घेतला, रिंग अंगणात आडवी ठेवली आणि बायकोच्या शिवणाच्या मशीनवरची टेप घेतली.

"अहो, काळी होईल ती टेप! उद्या मला ब्लाउज बेतायचाय!" शालिनी आतून ओरडली. शालिनी म्हणजे आमची ही.

"विज्ञानापुढे ब्लाउज काय?" मी म्हणालो.

या कडेपासून त्या कडेपर्यंत टेप लावली. किती भरावं? सव्वासतरा! पुन्हा लावली. सव्वासतरा. तिसऱ्यांदा लावली, आणि तिन्हींची सरासरी काढली. हसू नका. सरासरी काढली! सव्वासतराच आली.

मी अंगणात तसाच उकिडवा बसून विचार केला. टायरवर लिहिलंय सोळा. जीपच्या जुन्या टायरवरही सोळाच. आणि रिंग सव्वासतरा! म्हणजे इतकी वर्षं सोळाचा टायर सव्वासतराच्या रिंगवर ओढूनताणून चढवलेला! म्हणूनच जीप एवढी आदळते. म्हणूनच ती निघत नाही! लष्करानं फसवलं, ठेकेदारानं फसवलं, आणि दाऊदभाईंच्या तर हे लक्षातच आलेलं नाही. बिचारे. शिकलेले नाहीत ना फारसे.

"शालू," मी म्हणालो, "आज मी एक शोध लावलाय."

"टेप धुऊन ठेवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टेप खिशात घालून साजगावला गेलो. तिथं पांडू भंगारवाल्याचं मोठं आवार होतं. कारखान्यांतून निघालेलं लोखंड, मोडक्या गाड्यांचे सांगाडे, आणि एका कोपऱ्यात रिंगांचा ढीग. पांडूचं अर्धं आयुष्य त्या ढिगावर बसण्यात गेलेलं.

"काय पायजे, मास्तर?"

"पाच बोल्टची रुंद रिंग. सोळाची."

त्यानं पायानंच एक रिंग ढकलली. "ही घ्या. सोळाची. एकदम बेस हाय."

मी टेप काढली. "सव्वासतरा!"

"आँ?"

"सव्वासतरा भरते ही! दुसरी दाखव."

दुसरी. सव्वासतरा. तिसरी. सव्वासतराच्याही वर दोन सूत! मला तर वाटायला लागलं, अख्ख्या महाराष्ट्रातल्या रिंगा चुकीच्या आहेत. पांडू विडी विझवून माझ्याकडे बघत बसला. एकेक रिंग उचलतोय, टेप लावतोय, फेकतोय, हात काळे, सदरा काळा, नाकावर ग्रीसचा पट्टा. तासाभरानं एक रिंग सापडली. टेप लावली. बरोब्बर सोळा! तशा आणखी तीन सापडल्या. जोडीच्या. पाच बोल्ट, रुंदी झकास. मला आनंदानं भरून आलं.

"ह्या चार दे!"

"मास्तर," पांडू म्हणाला, "त्या पंधराच्या हायेत."

"कशावरून?"

"कशावरून म्हंजी? पंधराच्या हायेत म्हनून."

"ही टेप बघ. किती आहे? वाच."

"मला वाचता नाय येत."

"मग मी सांगतो. सोळा आहे! आता तूच सांग, टेप खोटं बोलेल का?"

"टेपचं मला काय ठावं नाय," पांडू म्हणाला, "पन रिंग पंधराची हाय."

मी खिशातून खडू काढला. मास्तरच्या खिशात खडू असतोच. तिथल्या एका पत्र्यावर वर्तुळ काढलं, मधे केंद्रबिंदू दाखवला, त्यातून आरपार रेघ मारली आणि पांडू भंगारवाल्याला व्यास म्हणजे काय ते समजावलं. त्यानं अगदी मन लावून ऐकलं. शेवटी मी विचारलं, "कळलं?"

"कळलं की. लय बेस सांगता तुमी. आमच्या पोराला तुमच्या शाळंत घालतो."

"मग रिंग कितीची?"

"पंधराची."

या माणसापुढे काय डोकं फोडणार? मी रिंगा घेतल्या आणि निघालो.

दसरा दोन दिवसांवर आलेला. दाऊदभाई गावाला. मग शिळफाट्यावरच्या सदा पंक्चरवाल्याकडे गेलो. सदा पंक्चर काढायचा, चाकं बसवायचा, बाकी फार डोकं चालवायचा नाही. मला तसाच माणूस हवा होता.

टायर रिंगवर चढवायचा म्हणजे केवढा खटाटोप असतो, तुम्ही पाहिलाय ना? लोखंडी पहारी घालून, पायानं दाबून, घाम काढून चढवावा लागतो. सदानं पहार हातात घेतली, टायर रिंगवर नुसता ठेवला, आणि टायर आपोआप आत जाऊन बसला. टोपी डोक्यावर बसावी तसा!

सदा पहार हातात धरून उभाच.

"बघितलंस?" मी म्हणालो. "माप बरोबर असलं की असं होतं."

"मास्तर, मला भ्या वाटतंय. मी लय टायर चढवले, पन असा हातानं कदी नाय बसला."

"कारण आजवर कुणी मापलंच नाही!"

"सैल हाय वो."

"मग हवा भर जरा जास्त. फुगला की घट्ट बसेल."

सदानं हवा भरली. भरताना तो एक पाऊल मागे सरकून तोंड वळवून उभा होता, ते मी पाहिलं. पण तेव्हा मला वाटलं, त्याला धूळ लागत असेल.

आता दसऱ्याचा दिवस. सकाळी जीप धुतली, पुढं निळे झेंडे बांधले. काय रुबाब आला होता जीपला! उंच, रुंद, एकदम मिलिटरी. शालिनी पांढरी साडी नेसून आली. तिला चढताच येईना. शेवटी स्वयंपाकघरातला पाट आणून ठेवला, त्यावर पाय देऊन ती चढली. पाटही बरोबर घेतला, कारण उतरायचं होतंच ना कुठंतरी.

पळसदरीपर्यंत जीप सरळ गेली. पहिल्या मोठ्या वळणावर "खर्रर्र" असा आवाज आला.

"अहो, हे काय?"

"टायर मडगार्डला थोडा घासतोय. नवीन आहे, अंग जुळवून घेतोय."

"आणि ही डुलतेय का?"

"उंच झालीय. उंच वस्तू डुलते. माड डुलत नाही का?"

ती गप्प बसली. मला वाटलं, पटलं. नंतर कळलं, ती मनातल्या मनात त्रिशरण म्हणत होती.

कर्जत स्टेशनाजवळ मामा वाट बघत होते. स्वच्छ धोतर, कोट, निळा फेटा. मूर्ती लाकडी खोक्यात पेंढा भरून बांधलेली. अडीच फुटी संगमरवर, अंगापिंडानं भक्कम. सहा जणांनी उचलून जीपच्या मागच्या भागात ठेवली. जीप किंचित खाली बसली. मी मामांना पुढं बसवलं, शालिनी मागं खोक्याला धरून बसली. मामांनी बसायच्या आधी वाकून चाकाकडं पाहिलं.

"जावईबापू, चाक आन् टायर ह्यांच्यात फट दिसती."

"हवा खेळायला असते ती, मामा."

तीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस! त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा चाकाकडं पाहिलं, आणि मी जावई होतो म्हणून काही बोलला नाही. जावई असण्याचे तोटे हे असे असतात.

आम्ही निघालो. मागून सायकलींवर वाडीची माणसं, पुढं आम्ही. मामांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता ना, तो बघून मलाही गहिवरल्यासारखं झालं. वीस वर्षांचं स्वप्न माझ्या जीपमधून चाललं होतं.

वाडीच्या लोकांनी ठरवलं होतं की जीप नाल्यापाशी दिसली की बँड वाजवायचा. पलीकडच्या काठावर सगळं गाव उभं. बाया पांढऱ्या साड्यांत, हातात फुलं. बाळारामही होता, बैलगाडी सोडून आलेला, बैल एका झाडाला बांधलेले. आम्ही दिसलो आणि बँड सुरू झाला. मी हात उंचावला. मामांनी हात जोडले. मी खालचा गिअर टाकला आणि जीप नाल्यात घातली.

पहिला धोंडा खालून गेला! दुसरा गेला! "बघा मामा!" मी ओरडलो. मधल्या धोंड्याला पुढचं चाक भिडलं. मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गर्जलं. चाक फिरायला लागलं. जीप जागेवर.

आणखी दाबला. आणखी गर्जना. काठावर टाळ्या. जीप जागेवर.

मी बाजूला वाकून पाहिलं. आणि मंडळी, जे पाहिलं ते मी आजही विसरलेलो नाही. रिंग गरगर गरगर फिरत होती. आणि टायर? टायर स्वस्थ! पेन्शनीत निघाल्यासारखा! मधे रिंगची भिंगरी चाललेली, आणि भोवती टायर आपला शांत पाण्यात बसलेला. दोघांचा एकमेकांशी काहीएक संबंध नव्हता.

"जावईबापू," मामा म्हणाले, "इंजिन चाललंय. गाडी नाय चालत."

"एक मिनिट मामा, मागे घेऊन बघतो."

मागे घेतली. "फुस्स्स!" ट्यूबची हवा भरायची नळी रिंगबरोबर फिरून तुटली होती. पुढं घेतली. "फुस्स्स!" दुसरी. आता मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस काय करतो? आणखी जोरात दाबतो. मागं, पुढं, मागं. रिंगा आपल्या खाली चिखल आणि गोटे उकरायला लागल्या. "फुस्स्स! फुस्स्स!" चारही गेले! जीप हळूहळू, अगदी शिस्तीत, नाल्यात बसायला लागली.

तेवढ्यात मागचा डावा टायर रिंगवरून अलगद सुटला, हवा पुरती न गेलेल्या ट्यूबसकट पाण्यावर आला, आणि निघाला वाहत. एकटाच! आमच्या सगळ्यांत चालू स्थितीत तोच होता.

आणि बँड? बँड वाजतच होता! त्यांना सांगितलं होतं, जीप नाल्यात आहे तोवर वाजवा. जीप नाल्यातच होती!

"अहो, पाणी आत आलं!" शालिनी ओरडली. "मूर्ती!"

मी वळून पाहिलं. पाणी जीपच्या तळाशी आलं होतं. मागं खोक्याखालचा पेंढा भिजायला लागला होता. मामांच्या चेहऱ्यावरचा आनंद गेलेला. ते नुसते बसून राहिले, मांडीवर हात ठेवून. मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

पण शालिनी! पाट बाजूला फेकला, पदर खोचला आणि पांढऱ्या साडीनिशी त्या चिखलाच्या पाण्यात उडी मारली. "बाळारामदादा! चला रे सगळे! मूर्ती उचला!"

सगळं गाव पाण्यात उतरलं हो! बाळाराम सगळ्यांत पुढं. बाया, म्हातारे, बँडवाल्यांतला ढोलवाला ढोल काठावर ठेवून आला. खोकं उचललं, खांद्यावर घेतलं. ज्याला खांदा देता आला नाही त्यानं नुसता हात लावला. धोंड्यावरून पाय घसरत होते, पण खोकं हललं नाही. मामा जीपमधून उतरले, कोट ओला, फेटा तिरका, आणि खोक्याच्या मागच्या बाजूला दोन्ही हात लावून ढकलत चालायला लागले. अगदी घाटातल्या इंजिनासारखे. पलीकडं गेल्यावर मागं वळून माझ्याकडं बघत म्हणाले, "जावईबापू, बरं झालं! गाडीनं आली असती तर कुनाचाच हात लागला नसता."

मी जीपमध्येच बसून होतो. स्टिअरिंग धरून.

"अहो, उतरा की आता!" शालिनी काठावरून ओरडली.

"ब्रेक धरून बसलोय!" मी म्हणालो.

चाकं नसलेल्या गाडीचा ब्रेक!

मूर्ती बसली. सोहळा काय सुंदर झाला! मी मागच्या रांगेत ओल्या विजारीनं उभा होतो. कुणी मला एक शब्द बोललं नाही. बाळारामानं तर घरून कोरडं धोतर आणून दिलं. ते धोतर नेसताना मला जे वाटलं, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

संध्याकाळी त्याच्या बैलांनी जीप ओढून बघितली. जीप हलली नाही. पाच-सहा दिवस ती तशीच नाल्यात. शेवटी दाऊदभाई गावाहून परतले, माझ्या ओट्यावरची जुनी चाकं उचलली, एक ट्रक घेतला आणि वाडीत आले. काठावर उभे राहून त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. मग पाण्यात उतरले. एका रिंगवरचा चिखल अंगठ्यानं पुसला.

"हे काय आहे, मास्तर?"

रिंगमध्ये लोखंडात ठोकलेला आकडा होता. पंधरा. स्वच्छ, ठळक पंधरा. त्यांनी दुसरी पुसली. पंधरा. मग ट्रकमधलं माझं जुनं चाक दाखवलं. सोळा.

"पण टेपनं..." मी म्हणालो.

"टेप कुठं लावली? काठाला ना?" दाऊदभाईंनी रिंगच्या आतल्या बाजूला बोट लावलं. "टायर काठावर बसत नाही. काठाच्या आत, इथं बसतो. व्यास इथला धरतात. काठ त्याच्या वर येतो, टायर बाहेर पळू नये म्हणून. परातीला काठ असतो तसा. तुम्ही परात मापताना काठ धरला."

मी काठावर बोट फिरवून बघितलं. तेवढा एक इंच-सव्वा इंच! सगळं गाव पाण्यात उतरवलं त्यानं.

"म्हणून म्हटलं होतं," दाऊदभाई म्हणाले, "मापू नका, वाचा." आणि मग, पहिल्यांदाच, ते हसले. इतके हसले की ट्रकच्या फळीला धरून बसावं लागलं.

जीप निघाली. पण रिंगांनी उकरलेला खड्डा तिथंच राहिला. पुढच्या पावसात तो आणखी रुंदावला. काही वर्षांनी त्या बाजूला एसटी सुरू झाली, पण नाला ओलांडायची सोय नव्हती, म्हणून ती अलीकडच्या काठालाच वळायची.

एकदा शालिनी आणि मी त्या गाडीनं चाललो होतो. जीप तोवर मी पांडूला देऊन टाकली होती. कंडक्टर नवा, तरणाताठा, बोलका. मी म्हणालो, "दोन खडकवाडी."

"खडकवाडीपर्यंत नाय जात, बाबा. मास्तरच्या खड्ड्यापर्यंत जाते. तिथून चालत."

"कुठपर्यंत?"

"मास्तरचा खड्डा. स्टॉपचं नाव हाय. सगळी तेच म्हनतात."

पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थानं मान वळवली. "असं कसं हो नाव पडलं?"

झालं! कंडक्टरला तेवढंच हवं होतं. तिकिटं फाडायची सोडून तो बाकाला टेकून उभा राहिला. "कोन एक येडा मास्तर हुता. त्यानं जीपला आगगाडीची चाकं लावली, आन् घातली पान्यात!"

आगगाडीची! मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो.

"अरे बापरे! मग त्याचं काय झालं?"

"काय व्हायचंय? गेला वाहून, जीपसकट. सापडलाच नाय."

गृहस्थ हळहळले. मीही जरा हळहळलो. म्हटलं, सुटलो, चला. आणि शेजारून शालिनीनं पर्स उघडली, आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"कंडक्टर, दोन मास्तरचा खड्डा द्या. एक माझं, आणि एक ह्या वाहून गेलेल्याचं."